दिसणे आणि सांगणे

तान्ह्या बाळाच्या मेंदूचा आलेख काढायचा तर आधी त्याच्या टाळूवरचे तेल पुसावे लागते. तेलाचा थर राहिला की इलेक्ट्रोड नीट चिकटत नाही आणि रेषांमध्ये खोटी थरथर उमटते. कपाळावरची काजळाची तीट कधी कधी नेमकी पुढचा इलेक्ट्रोड बसवायच्या जागी असते. ती मी आईला विचारूनच पुसते. मग टेपने डोके मोजायचे, नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, आणि बाळ झोपण्याची वाट पाहायची. ईईजी तंत्रज्ञाच्या कामात यंत्राहून ही प्रतीक्षाच अधिक असते.

माझ्याकडे येणाऱ्या बाळांपैकी काहींचा आजार असा असतो, की तो आजार आहे हेच घरात कुणाला पटत नाही. वय बहुधा तीन महिने ते वर्ष यांच्या दरम्यानचे. झोपेतून उठल्यावर बाळ एकदम मान पुढे टाकते, हात पसरते, पाय पोटाशी घेते आणि क्षणात सैल पडते. काही सेकंदांनी पुन्हा तेच, मग पुन्हा. अशी माळ संपली की ते रडते. आजी म्हणते, दचकतंय. शेजारीण म्हणते, पोटात मुरडा आहे. एखाद्या दवाखान्यात पोटदुखीचे थेंबही मिळतात. यात त्यांचा दोष धरावा असे मला वाटत नाही. आकडी म्हणजे ताठ झालेले अंग, फिरलेले डोळे, तोंडाला फेस, हे चित्र आपल्या मनात पिढ्यानपिढ्या पक्के आहे. हे झटके त्या चित्रात बसत नाहीत. ते सौम्य दिसतात, आणि त्यांचा धोका या सौम्यपणातच आहे.

या आजाराचे पहिले नेमके वर्णन एका बापाने केले. इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या टनब्रिज या गावी वैद्यकी करणाऱ्या विल्यम जेम्स वेस्ट यांनी १८४१ मध्ये ‘द लॅन्सेट’ला एक पत्र लिहिले. हे झटके त्यांनी स्वतःच्या मुलातच पाहिले होते. चार महिन्यांचा असताना ते सुरू झाले. एका वेळी दहा-वीस किंवा अधिक वेळा मान झुके, दोन-तीन मिनिटांत सारे थांबे, आणि दिवसातून दोन-तीनदा हे घडे. जळवा लावून झाल्या, रेचके झाली, अफू झाली. लंडनच्या सर चार्ल्स क्लार्क यांना मुलाचे ते झुकणे सलामासारखे वाटले आणि त्यांनी झटक्यांना तेच नाव दिले. वेस्ट यांच्या पत्रातून मला सर्वाधिक जाणवतो तो त्यांचा संयम. स्वतःचे मूल डोळ्यांदेखत मंदावत असताना त्यांनी मोजले, नोंदले, आणि कुणी असे काही पाहिले असल्यास प्रकाश टाकावा, अशी समव्यावसायिकांना विनंती केली. त्या मुलाला त्याचा उपयोग झाला नाही. आज हा आजार त्यांच्याच नावाने, वेस्ट सिंड्रोम म्हणून ओळखला जातो.

त्यांच्याजवळ आलेख नव्हता. माणसाच्या मेंदूतील विद्युत्-लहरींवर जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी पहिला निबंध प्रसिद्ध केला तो १९२९ मध्ये. त्यांनी ज्यांच्या लहरी नोंदल्या, त्यांत त्यांचा मुलगाही होता. या विद्येत बाप आणि मूल असे वारंवार समोरासमोर येतात. पुढे १९५२ मध्ये फ्रेडरिक आणि अर्ना गिब्ज या दांपत्याने या बाळांच्या आलेखाला ‘हिप्सअॅरिद्मिया’ असे नाव दिले.

तो आलेख एकदा पाहिला की विसरता येत नाही. निरोगी बाळाच्या झोपेला एक घडी असते. लहरी येतात, ओसरतात, डावी-उजवी बाजू एकमेकींना ओळखतात. इथे मात्र बाजारात सगळे एकाच वेळी ओरडत असावेत तसे होते. उंच, मंद लहरी आणि त्यांत कुठूनही उसळणारी टोके, यांत कोणतीही लय सापडत नाही. नेहमीच्या प्रमाणावर रेषा एकमेकींवर चढतात, म्हणून मला पडद्यावरचे प्रमाण उतरवावे लागते. अनेकदा हा गोंधळ गाढ झोपेतच ठळक होतो, म्हणून जागेपणीच्या आलेखावर विसंबता येत नाही. आणि प्रत्यक्ष झटका येतो तेव्हा काय घडते? बाळाचे अंग दुमडते आणि त्याच क्षणी पडद्यावरचा कल्लोळ बहुधा एकाएकी सपाट होतो. शरीर बोलत असते तेव्हा रेषा मौन धरतात. याची सवय मला आजही झालेली नाही.

हे सर्व मला दिसते, पण सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि तो नसावा हे मला मान्य आहे. निदान हे डॉक्टरांचे काम; एका आलेखावरून बाळाचे भवितव्य बोलून टाकणे हा अविचार होईल. तरीही आई पडद्याकडे पाहत नाही, ती माझ्या चेहऱ्याकडे पाहते. चेहरा कोरा ठेवणे हे कौशल्य कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवीत नाहीत. मात्र मौनाचा अर्थ विलंब नव्हे, हा भेद मी या खोलीत शिकले. आईला काही न सांगता डॉक्टरांना तत्क्षणी फोन करता येतो, आणि तो करायचाच असतो.

कारण येथे दिवसांना किंमत आहे. एसीटीएचची इंजेक्शने किंवा तोंडाने द्यायचे प्रेडनिसोलोन हे संप्रेरक-उपचार, आणि व्हिगाबॅट्रिन, असे उपाय आज उपलब्ध आहेत. ब्रिटनमध्ये १०७ बाळांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत संप्रेरक-उपचाराने ७३ टक्के, तर व्हिगाबॅट्रिनने ५४ टक्के बाळांचे झटके दोन आठवड्यांत थांबलेले आढळले. औषधांचे मोलही द्यावे लागते. स्टेरॉइडने बाळ सुजते, चिडचिडते, संसर्गाला सोपे होते. व्हिगाबॅट्रिनने दृष्टीची कड आकसू शकते. असे असूनही डॉक्टर घाई करतात, कारण उपचार जितका लांबतो तितकी वाढ मागे पडण्याची भीती अधिक. आपल्याकडे पहिला झटका आणि योग्य औषध यांच्यामध्ये आठवडे, कधी महिने निघून जातात.

पण वेळेत येऊनही सगळे सावरत नाही, हेही सांगितले पाहिजे. फेरतपासणीत आलेख स्वच्छ येतो, आईबाप पेढे आणतात, आणि वर्षभराने मूल अजून बसत नसते. झटके कशामुळे आले यावर पुष्कळ काही अवलंबून असते. जन्मताच न रडलेले बाळ, पहिल्या दिवसांत साखर उतरलेले बाळ, अंगावर पांढरट चट्टे असलेले ट्युबरस स्क्लेरोसिसचे बाळ, आणि कारणच न सापडलेले बाळ, या सर्वांच्या पडद्यावर तोच कल्लोळ दिसू शकतो. त्यांच्या पुढच्या वाटा मात्र एक नसतात. ‘माझं काय चुकलं?’ असे आया विचारतात. हे उत्तर देण्यासाठी मला कुणाची अनुज्ञा लागत नाही: ‘ताई, तुमचं काही चुकलं नाही.’ उलट, मोबाइलवर झटक्याचे चित्रण करून ते दारोदार दाखवीत फिरणारी आई निदानाचे अर्धे काम करून आलेली असते. वेस्ट यांना जे लेखणीने करावे लागले, ते ती अंगठ्याने करते. फक्त ते पाहणारा कुणीतरी भेटावा लागतो.

आमच्या विभागात तारखांची वही आहे आणि ती बरीच पुढपर्यंत भरलेली असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘स्पाझम’, म्हणजे हेच झटके, हा शब्द दिसला की ती वही आम्ही उघडत नाही. बाळाला झोप येईल तेव्हा, त्याच दिवशी आलेख काढतो. असे परिपत्रक कुणी काढलेले नाही. बाकावर नंबर लावून बसलेले कुरकुरतात, कारण त्यांनाही परतीची एसटी गाठायची असते. त्यांची तक्रार रास्त आहे, आणि त्यांना थांबवणेही भाग आहे.