कुत्र्याच्या छळाची फिर्याद कोणाची?

प्राण्याचा छळ हा गुन्हा आहे, हे कायद्याने मान्य केले त्याला दोनशे वर्षे उलटली. या गुन्ह्यात ज्याला मार बसतो त्याला तक्रार करता येत नाही आणि साक्षही देता येत नाही. कुत्र्याच्या बाबतीत तर अनेकदा मारणारा मालकच असतो, आणि रस्त्यावरच्या कुत्र्याला मालकच नसतो. त्यामुळे फिर्याद दुसऱ्या कोणीतरी करावी लागते. ती कोणी करायची, याबद्दलचा विचार मात्र सावकाश बदलत गेला.

ब्रिटिश संसदेने १८२२ मध्ये खासदार रिचर्ड मार्टिन यांच्या प्रयत्नाने गुराढोरांवरील क्रौर्याविरुद्ध कायदा केला. त्यात कुत्र्यांना जागा नव्हती. ती १८३५ च्या कायद्याने मिळाली. १८२२ मध्ये लंडनचे महानगर पोलीस दलही अस्तित्वात नव्हते, ते १८२९ मध्ये उभे राहिले. त्यामुळे मार्टिन स्वतःच आरोपींना न्यायालयात खेचत. एकट्या माणसाच्या जिद्दीवर कायदा चालत नाही, हे ओळखून १८२४ मध्ये लंडनमध्ये प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था स्थापन झाली आणि तिने स्वखर्चाने निरीक्षक नेमले. इंग्लंडमध्ये कोणत्याही नागरिकाला खासगी खटला भरता येतो, त्याच हक्काच्या आधारे ही संस्था खटले भरत आली. तिच्या निरीक्षकांना गणवेश आहे, पण घरात शिरण्याचा किंवा प्राणी जप्त करण्याचा अधिकार नाही. २००६ च्या कायद्याने ते अधिकार पोलीस आणि सरकारने वा स्थानिक प्रशासनाने नेमलेले निरीक्षक यांनाच दिले.

अमेरिकेत हेन्री बर्ग यांनी १८६६ मध्ये न्यूयॉर्कला अशीच संस्था काढली. तिथे विचार एक पाऊल पुढे गेला: संस्थेच्या प्रतिनिधींना थेट अटकेचा अधिकार मिळाला. देणग्यांवर चालणारी संस्था जवळजवळ दीड शतक एका महानगरात पोलिसांचे काम करत होती. २०१४ च्या आरंभी ही जबाबदारी शहराच्या पोलिसांकडे गेली आणि जप्त प्राण्यांचे उपचार व वैद्यकीय पुरावा ही कामे संस्थेकडे राहिली. लंडनच्या संस्थेनेही २०२१ मध्ये खटले सरकारी अभियोक्त्यांकडे सोपवण्याचा मनोदय जाहीर केला. यामागचा आक्षेप रास्त आहे. तपास करणारा, खटला भरणारा आणि त्याच कामासाठी लोकांकडे देणगी मागणारा एकच असेल, तर आरोपीला निःपक्षपाताची खात्री वाटत नाही. शिवाय देणग्या आटल्या की कायदाही थंडावतो.

मारणारे सरकारच असेल तर काय, ही या प्रश्नाची दुसरी बाजू मुंबईला फार लवकर दिसली. १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम होता आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत. इनामाच्या लोभाने पाळीव कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली, तेव्हा जून महिन्यात पारशी समाज रस्त्यावर उतरला, दुकाने बंद झाली, फोर्टात दंगल उसळली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ सुरू झाला. पुढे १८६१ मध्ये कोलकात्यात आणि १८७४ मध्ये मुंबईत प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था निघाल्या. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय त्याच परंपरेतले. आसरा आणि औषधपाणी समाजाने दिले. शिक्षा करण्याचा प्रश्न मात्र त्यातून सुटला नाही.

स्वतंत्र भारतात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक मांडले. सरकार स्वतः कायदा करील या नेहरूंच्या आश्वासनावर त्यांनी ते मागे घेतले आणि त्यातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले, रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्षा. मंडळ सल्ला देते, अनुदान देते. त्याच्या हाती अटकेचा अधिकार नाही. खरी गोम या कायद्याच्या कलम ३१ मध्ये आहे. प्राण्याला क्रूरपणे ठार मारणे, त्याचे अवयव तोडणे, झुंजी लावणे असे मोजकेच गुन्हे या कलमाने दखलपात्र केले. कुत्र्याला काठीने झोडपणे, उपाशी बांधून ठेवणे हे अदखलपात्र राहिले. म्हणजे ठाण्यात 'एनसी' (अदखलपात्र नोंद) लिहून घेतली जाते आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. फिर्यादीची मुदत तीन महिने. एवढ्या किरकोळ शिक्षेसाठी कोणता हवालदार पंचनामे करत बसेल? दोष त्याच्या अंतःकरणाचा नाही, कायद्याच्या रचनेचा आहे.

२००१ च्या नियमांनी प्रत्येक जिल्ह्यात प्राणिक्लेश प्रतिबंधक सोसायटी असावी असे ठरवले. ती अनेक ठिकाणी कागदावर राहिली. त्याच वर्षीच्या नियमांनी भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणात स्थानिक संस्थांना जबाबदार धरले. इथे एक अडचण ध्यानात घ्यायला हवी: महापालिका कुत्र्यांविरुद्धच्या तक्रारींना उत्तर देण्यास बांधलेली असते, त्यामुळे कुत्र्यांच्या छळाचा तपासही तिनेच करावा ही अपेक्षा तिच्यावर आणि कुत्र्यांवरही अन्याय करणारी आहे. पकडण्याच्या मोहिमेतच क्रौर्य झाले, तर तिने स्वतःचाच तपास करायचा का?

दंड संहितेचा मार्ग अधिक परिणामकारक ठरला. जुन्या कलम ४२८ मध्ये प्राण्याची किंमत दहा रुपये वा अधिक असणे ही अट होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ ने किमतीची अट काढली आणि प्राण्याला मारणे, विष घालणे किंवा पंगू करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद ठेवली. तरीही हे कलम मालमत्तेच्या नुकसानीच्या प्रकरणातच बसवलेले आहे. त्यामुळे साधी पण रोजची मारहाण अजून १९६० च्या कायद्यावरच अवलंबून आहे.

छळाचा तपास पोलिसांचेच काम आहे. दारात शिरणे, जप्ती, अटक, ही राज्याची सक्ती आहे आणि ती राज्यानेच जबाबदारीने वापरावी. १९६० च्या कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे शिपायावरील दर्जाचा पोलीस अधिकारी प्राणी जप्त करू शकतो. राज्याने प्राधिकृत केलेली व्यक्तीही करू शकते. अडते ते त्यानंतर. जप्त केलेला कुत्रा हा जिवंत मुद्देमाल असतो. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, खटला संपेपर्यंत खाऊ घालावे लागते. २०१७ च्या नियमांनी अशा प्राण्यांच्या देखभालीची आणि खर्चाची सोय केली आहे. तेव्हा कुत्रा संस्थेच्या आश्रयाला, जखमांचा अहवाल पशुवैद्यकाकडून, तपास ठाण्यातून आणि खटला सरकारी अभियोक्त्याकडून, अशी वाटणी आजच्या कायद्यातही शक्य आहे. त्यासाठी मारहाण दखलपात्र करणे ही पहिली दुरुस्ती आणि प्रत्येक ठाण्याला जवळचा पशुवैद्यक व आश्रयस्थान नेमून देणे ही दुसरी.