अभिमन्यूचे अर्धे ज्ञान

महाभारत-युद्धाच्या तेराव्या दिवशी द्रोणाचार्यांनी चक्रव्यूह रचला. अर्जुन त्या वेळी रणभूमीच्या दुसऱ्या भागात संशप्तकांशी लढण्यात गुंतला होता. तेथे असलेल्या पांडववीरांपैकी व्यूह भेदण्याची विद्या एकट्या अभिमन्यूला ठाऊक होती. त्याने धर्मराजांना काहीही न लपविता सांगितले की, व्यूहात शिरण्याची युक्ती पित्याने मला शिकविली आहे, परंतु आत संकट ओढवल्यास बाहेर कसे पडावे हे मला ठाऊक नाही. वडीलधाऱ्यांनी ते ऐकले, आपण पाठोपाठ येऊ असे आश्वासन दिले आणि त्या कुमाराला पुढे घातले. जयद्रथाने वाट अडविली. पाठोपाठ कोणीही जाऊ शकले नाही. पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे.

ही कथा सांगताना आपण अभिमन्यूच्या शौर्याची स्तुती करतो, आणि ती योग्यच आहे. परंतु गृहस्थाने तीतून आणखी एक बोध घेतला पाहिजे. अभिमन्यूच्या ठिकाणी धैर्य कमी नव्हते, आज्ञाधारकपणा कमी नव्हता. उणीव होती ती ज्ञानाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाची. आज आपल्या घरातील मुलांची स्थिती पुष्कळ अंशी अशीच आहे. मोटारसायकल सुरू करणे त्यांना येते, ती वेळेवर आवरणे येत नाही. पाण्यात उडी घेणे येते, बाहेर पडणे येत नाही. तंबाखूची पहिली चिमूट घेणे सोपे वाटते, ती सोडणे किती कठीण आहे हे कोणी सांगितलेले नसते. व्यूहात शिरण्याची विद्या त्यांना मित्र देतात, बाजार देतो, हातातील दूरध्वनी देतो. बाहेर पडण्याची विद्या देणे हे मातापित्यांचे कर्तव्य आहे.

कुमारवयातच हा धोका अधिक का असतो, याचे कारण शरीरशास्त्राने सांगितले आहे. उत्तेजना व सुख यांची ओढ उत्पन्न करणारे मेंदूतील केंद्र या वयात जोरात कार्य करू लागते. परंतु परिणामाचा विचार करणारा व आवेग आवरणारा मेंदूचा पुढील भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. घोडे तरणे झाले आहेत आणि लगाम अजून कच्चा आहे, अशी ही अवस्था आहे. समवयस्क मित्र भोवती असले की धाडसाची ओढ आणखी वाढते. म्हणून मुलगा अविचाराने वागला तर त्याला केवळ दुष्ट म्हणणे योग्य नव्हे. त्याला सारथ्याची गरज आहे.

शंका – गीतेने आत्मा अमर सांगितला आहे आणि शरीर नाशवंत. मग या नाशवंत शरीराची एवढी चिंता मुलांना कशाला शिकवावी?

समाधान – आत्म्याच्या अमरत्वाचा उपदेश भगवंतांनी अर्जुनाचा शोक दूर करून त्याला कर्तव्यात उभे करण्यासाठी केला. निष्काळजीपणाला मुभा देण्यासाठी तो उपदेश नाही. त्याच गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कर्मावाचून शरीरयात्राही चालणार नाही असे सांगितले आहे. सहाव्या अध्यायात आहार, विहार, निद्रा आणि जागरण प्रमाणात ठेवणाऱ्यालाच योग दुःखनाशक होतो असे म्हटले आहे. सतराव्या अध्यायात तर दंभाने व अहंकाराने शरीराला पीडा देणाऱ्यांना आसुरी निश्चयाचे म्हटले आहे, कारण त्या शरीरात अंतर्यामी भगवंतच वास करीत असतात. ज्या देहाने पुढे सेवा, स्वधर्म आणि भजन व्हावयाचे, तो देह तरुणपणीच मोडून घेणे हे वैराग्य नव्हे.

शंका – जे दैवात आहे ते होणारच. मग हेल्मेट घातले काय आणि न घातले काय?

समाधान – अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, निरनिराळी साधने, विविध प्रयत्न, आणि पाचवे दैव. दैवाचा उल्लेख आहे, पण तो पाचवा आहे. आधीची चार कारणे आपल्याकडून नीट ठेवल्यावाचून पाचव्याकडे बोट दाखविणे हा आळस होय. दुचाकीस्वारांविषयी जगभर झालेल्या अभ्यासांतून असे दिसून आले आहे की, हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो. साधन बदलले की फळ बदलते, हेच या आकड्यांचे तात्पर्य आहे. आपल्या देशात एकट्या 2022 साली रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे मृत्यू पावली. 5 ते 29 या वयोगटात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण रस्त्यावरील अपघात हेच आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने नमूद केले आहे. या सर्वांचा भार दैवावर टाकून मोकळे होणे भक्ताला शोभत नाही.

आता प्रश्न असा की, मुलाला विचार करण्यास शिकवावे तरी कसे? नुसते ‘असे करू नकोस’ म्हटल्याने काम भागत नाही, कारण प्रत्येक प्रसंगी आपण त्याच्याजवळ असणार नाही. यासाठी गीतेच्या अठराव्या अध्यायातील पंचविसावा श्लोक फार उपयोगी आहे. तामस कर्माचे लक्षण सांगताना भगवंतांनी म्हटले आहे की, अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष या चारींचा विचार न करता मोहाने आरंभिलेले कर्म तामस होय. हेच लक्षण उलट बाजूने घेतले तर कोणतेही धाडस करण्यापूर्वी मुलाने स्वतःला विचारावयाचे चार प्रश्न आपल्याला मिळतात.

पहिला प्रश्न अनुबंधाचा: यातून पुढे काय काय निपजेल? दुसरा क्षयाचा: यात माझे काय खर्ची पडेल, आणि ते परत मिळेल काय? तिसरा हिंसेचा: माझ्या कृत्याने दुसऱ्याला इजा होईल काय? चौथा पौरुषाचा: हे कर्म पार पाडण्याचे सामर्थ्य व शिक्षण खरोखर माझ्यापाशी आहे काय?

सोळा वर्षांचा मुलगा वडिलांची मोटारसायकल मागतो तेव्हा हे चार प्रश्न त्याच्यासमोर शांतपणे ठेवावेत. गिअरचे वाहन चालविण्यास कायद्याने 18 वर्षे पूर्ण व्हावी लागतात. येथे पौरुषाचा प्रश्न सुटत नाही. रस्त्याने चालणाऱ्या वृद्धाला धक्का लागला तर ती हिंसा होईल. आणि अनुबंध केवळ मुलापुरता राहात नाही. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक यांना 3 वर्षांपर्यंत कारावास व 25,000 रुपये दंड होऊ शकतो आणि वाहनाची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते. कायद्यानेही जाणले आहे की किल्ली देणारा हात मोठ्या माणसाचा असतो.

तंबाखूच्या बाबतीत क्षयाचा प्रश्न मुख्य आहे. 2019 साली देशभर झालेल्या शालेय पाहणीत 13 ते 15 वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी 8.5 टक्के कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करीत असल्याचे आढळले. 18 वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास 2003 च्या कायद्याने बंदी आहे आणि शाळेपासून 100 यार्डांच्या आत तो विकता येत नाही. तरीही पुडी हातात पोचते. निकोटीन कोवळ्या मेंदूला लवकर बांधून टाकते. आरंभी अमृतासारखे आणि परिणामी विषासारखे असे जे राजस सुखाचे वर्णन गीतेत आहे, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. मुखाचा कर्करोग झालेल्या मनुष्याला तोंड उघडून घास घेणेही अवघड होते, हे मुलाला भीती घालण्यासाठी नव्हे, तर सत्य म्हणून सांगावे.

नदी, विहीर आणि तलाव यांच्या काठी पौरुषाचा प्रश्न प्राणांचा प्रश्न होतो. मित्र बुडताना पाहून पोहता न येणारा मुलगा प्रेमाने उडी घेतो आणि एका घराऐवजी दोन घरांत अंधार होतो. त्याचे प्रेम खरे असते, पण सामर्थ्याचा विचार सुटलेला असतो. मुलांना आधीच शिकवून ठेवावे की, अशा वेळी मोठ्याने हाक मारून माणसे जमवावीत, काठावर राहूनच दोर, लांब काठी, धोतर किंवा साडी फेकावी, रिकामा बंद डबा किंवा तरंगणारी वस्तू टाकावी. उडी न घेणे ही येथे भीरुता नव्हे, विवेक आहे. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी मुलगा असो वा मुलगी, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पोहणे अवश्य शिकवावे.

उत्सवातही हाच विवेक हवा. दहीहंडीत थरांच्या टोकावर लहान मूल चढविले जाते. ज्या बालकृष्णाच्या नावाने हा उत्सव होतो, त्याने गोपबालांचे रक्षण केले. त्याच्या नावाने एखाद्या बालकाचा कणा मोडावा, हे त्याला कसे प्रिय होईल? उंचीची स्पर्धा आणि बक्षिसाचा मोह ही भक्ती नव्हे.

आहाराच्या संबंधात मुलींकडे विशेष लक्ष द्यावे. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वर्षांच्या मुलींपैकी 59.1 टक्के आणि मुलांपैकी 31.1 टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळले. आपल्या घरांत मुलगी शेवटी जेवते, व्रते अधिक करते आणि थकवा आला तर सांगत नाही. फार खाणाऱ्याला जसा योग साधत नाही तसाच मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, हे भगवंतांचे वचन तिच्यासाठीही आहे. हिरव्या पालेभाज्या, डाळी व उसळी, त्यांच्यासोबत लिंबू किंवा आवळा तिच्या ताटात असावा. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी तिने जेवणानंतर घ्यावी. मासिक धर्माविषयी मातेने वेळेपूर्वीच प्रेमाने व स्पष्टपणे बोलावे. लज्जेमुळे जे आपण सांगत नाही ते अज्ञानी मैत्रिणी सांगतात. त्याचप्रमाणे, नको तो स्पर्श करणारा मनुष्य नात्यातला वा प्रतिष्ठित असला तरी त्याचे नाव घरी सांगण्यात पाप नाही, हे मुलगा व मुलगी दोघांनाही कळलेले असावे.

शरीराइतकेच मनही जपले पाहिजे. अर्जुनाचे गात्र शिथिल झाले, तोंडाला कोरड पडली, धनुष्य हातातून गळू लागले. पहिल्या अध्यायात तो आपली व्यथा सांगत असता भगवंतांनी त्याला एकदाही मध्ये अडविले नाही. आधी सर्व ऐकून घेतले, नंतर बोलले. आपला मुलगा परीक्षेतील अपयशाने किंवा मित्राच्या उपहासाने खचून बोलू लागला तर आपण पहिल्या वाक्यालाच उपदेश सुरू करतो. मग तो बोलणे बंद करतो, आणि हे मौन फार घातक असते. मूल जगण्याचा कंटाळा दाखवू लागले तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे सोडू नये आणि वैद्यांकडे न्यावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही निःशुल्क सेवा 14416 या क्रमांकावर 2022 पासून उपलब्ध आहे. संकटातील मुलांसाठी 1098 हा क्रमांक आहे. हे दोन्ही अंक देवघराजवळ लिहून ठेवण्यात कमीपणा मानू नये.

आता आपल्या स्वतःच्या आचरणाविषयी. श्रेष्ठ मनुष्य जसे आचरण करतो तसेच इतर लोक करतात, हे तिसऱ्या अध्यायातील वचन घरात सर्वांत आधी खरे ठरते. पिता तोंडात तंबाखू धरून मुलाला व्यसनमुक्तीचा उपदेश करील, माता रात्री उशिरापर्यंत दूरध्वनी पाहात मुलीला निजण्यास सांगेल, तर उपदेश हवेत विरतो. यासाठी गृहस्थांनी पुढील नियम घरात पाळून पाहावेत:

1. दुचाकीवर बसणारा प्रत्येक जण, वडील असोत वा मुलगा, पुढे बसो वा मागे, हेल्मेटचा पट्टा बांधल्यावाचून निघणार नाही. जवळच्या देवळात जावयाचे असले तरीही.

2. 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप आवश्यक असते. म्हणून रात्री ठरलेल्या वेळी घरातील सर्वांचे दूरध्वनी एका ठिकाणी ठेवावेत.

3. आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र बसून एखादा प्रसंग घ्यावा आणि त्याला चार प्रश्न लावून पाहावेत. मुलांना आधी बोलू द्यावे.

4. मुलाला असे वचन द्यावे की, संकटात सापडून त्याने घरी कळविले, तर आधी त्याला सुखरूप आणले जाईल. विचारपूस त्यानंतर होईल.

यांतील चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. मद्य घेतलेल्या मित्राच्या गाडीत बसलेला मुलगा घरी कळवील की मुकाट्याने बसून राहील, हे त्याला वडिलांच्या क्रोधाची भीती किती वाटते यावर ठरते. अभिमन्यूच्या पाठोपाठ येण्याचे आश्वासन वडीलधाऱ्यांना पाळता आले नाही. आपल्याला ते पाळता येण्याजोगे आहे.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सर्व उपदेश पूर्ण केल्यावर भगवंतांनी अर्जुनावर आज्ञा लादली नाही. या सर्वाचा पूर्ण विचार कर आणि मग तुला योग्य वाटेल तसे कर, असे त्यांनी सांगितले. प्रत्यक्ष परमेश्वराने ज्याला निर्णयाचे स्वातंत्र्य दिले, त्या जीवाला आपण जन्मभर हाताशी बांधून ठेवू शकत नाही. आपल्या हाती एवढेच आहे की, ते स्वातंत्र्य हाती येण्यापूर्वी विचाराची सवय मुलाच्या अंगी बाणावी. रथ त्याचाच आहे. काही काळ लगाम धरून, वाट दाखवून, मग तो त्याच्या हाती द्यावयाचा आहे.

पार्थाचे सारथ्य करणाऱ्या भगवंतांनी आपल्या मुलांच्या बुद्धीचेही सारथ्य करावे आणि आपल्याला ते शिकविण्याइतके धैर्य व प्रेम द्यावे, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.