फुलाला दोन दिवस नसतात

मुदखेड म्हटलं की बाहेरच्या माणसाला रेल्वेचं जंक्शन आठवतं, नाहीतर सीआरपीएफचं प्रशिक्षण केंद्र. आम्हाला फुलं आठवतात. आसपासच्या शिवारातला गुलाब, मोगरा, काकडा, निशिगंध पहाटे तोडायचा आणि ऊन चढायच्या आत बाजारात न्यायचा. या धंद्याचा पहिला नियम कुणाला शिकवावा लागत नाही. संध्याकाळपर्यंत विकलं ते फूल, उरलं ते खत.

हक्कांचा विचार करताना मला हे फूल फार उपयोगी पडतं. सरकारी कार्यालय आणि छोटा धंदेवाला यांच्यातला फरक ताकदीचा आहे असं आपण म्हणतो. ते खरंच आहे, पण ती ताकद येते कुठून? मला वाटतं, वेळेतून. फाइल महिनाभर टेबलावर पडून राहिली तरी कार्यालयाचं काही बिघडत नाही. दुकानाचं मात्र भाडं चढतं, माल सडतं, उधारीवाला दारात येतो. थांबणं ज्याला परवडतं, तो न बोलताही जिंकतो. मग ज्याला थांबणं परवडतच नाही, त्याला ‘हक्क आहे’ असं म्हणण्याचा अर्थ काय?

गंमत म्हणजे ही गोष्ट आपल्या एका कायद्याला नीट कळलेली आहे. 2014 साली संसदेने पथविक्रेत्यांसाठी कायदा केला. हातगाडीवाला, टोपलीवाली, फूटपाथवर गजरे विकणारी मावशी, सगळे त्यात येतात. जागेवरून उठवायचं तर आधी तीस दिवसांची नोटीस द्यायला हवी. माल जप्त केला तर त्याची यादी करून, सही करून, तिची प्रत विक्रेत्याच्या हातात द्यायला हवी. आणि ठरलेलं शुल्क भरून माल परत मागितला, तर टिकणारा माल दोन कामकाजी दिवसांत आणि नाशवंत माल त्याच दिवशी सोडायला हवा. त्याच दिवशी! हे कलम लिहिणाऱ्याला फुलाचं आयुष्य माहीत होतं.

आता बाजारात जाऊन विचारा. मी ज्या ज्या गाडेवाल्यांशी यावर बोललो, त्यांच्यापैकी एकानेही सही केलेली यादी कधी पाहिलेली नव्हती. एक काका हसून म्हणाले, “यादी मागायची? अन् उद्या पुन्हा तिथंच गाडा लावायचाय नव्हं?”

या एका वाक्यात सगळा प्रश्न आहे. काकांना कायदा कळत नाही असं समजू नका. कायदा कळून काय होणार, हे त्यांना चांगलं कळतं. मोठ्या शहरात अधिकारी अनोळखी असतो. तालुक्याच्या गावात तो रोज दिसतो, चहाच्या टपरीवर भेटतो, लग्नात शेजारी जेवायला बसतो. इथे कागदापेक्षा ‘संबंध’ चालतात. संबंध चांगले असतील तर काम होतं. पण संबंधातून मिळालेली गोष्ट संबंध बिघडले की जाते. म्हणजे ती आपली कधी नव्हतीच. ती मेहेरबानी होती.

आपल्या भाषेतच ही ओढाताण भरून राहिली आहे. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीची बोली आमच्या अंगवळणी पडलेली आहे. ‘अर्ज’, ‘मेहेरबान’ आणि ‘हक्क’ हे तिन्ही शब्द फारसी-अरबीच्या वाटेने मराठीत आले. अर्ज म्हणजे विनवणी. हक्क या शब्दाच्या मुळाशी मात्र ‘सत्य’ हाही अर्थ आहे. आपण हक्काची गोष्ट मागायला जातो आणि अर्ज लिहितो, ‘मेहेरबान साहेबांचे सेवेशी’. जे खरंच आपलं आहे, ते विनवणीच्या सुरात मागायची सवय किती खोल आहे बघा.

समोरच्या बाजूनेही बोललं पाहिजे. फूटपाथ चालणाऱ्यांचाही आहे. खाण्याच्या गाडीवरचं तेल तपासणारा निरीक्षक माझ्या पोटाचं रक्षण करतो. वजनकाटा तपासणारा गिऱ्हाइकाच्या बाजूने उभा असतो. छोटा धंदा आहे म्हणून नियमांतून सूट द्या, असं मी म्हणत नाही. लहान असणं म्हणजे आपोआप बरोबर असणं नव्हे. माझं म्हणणं एवढंच आहे की, सरकार जसा आपल्याकडे कागद मागतं, तसा आपल्यालाही सरकारकडे कागद मागता आला पाहिजे. कारवाई करा, पण का करताय ते लेखी सांगा आणि आधी ऐकून घ्या.

ऐकून घेऊन काय फरक पडतो, असा प्रश्न 1985 साली सर्वोच्च न्यायालयासमोरही आला होता. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्या लोकांचा तो खटला, ओल्गा टेलिस या नावाने ओळखला जातो. महापालिकेचं म्हणणं असं होतं की, अतिक्रमण तर उघडच आहे, मग सुनावणी कशाला? सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्याचबरोबर आणखी एक बारीक गोष्ट सांगितली. सुनावणीने निकाल बदलो वा न बदलो, ऐकून घेण्याला स्वतःची किंमत आहे. वस्तू उचलताना तिला कुणी विचारत नाही. माणसाला विचारावं लागतं. त्या निकालाने पदपथावरच्या लोकांना तिथे कायम राहू दिलं नाही, हेही खरं. पण नोटीस आणि सुनावणी ही उपकाराची बाब नाही, हे त्याने पक्कं केलं.

मग चहापाण्याचं काय? 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत तक्रार केली तरच तो सुटतो. इथे मी अडखळतो. दुसऱ्याचं हिसकावण्यासाठी पैसे चारणारा आणि स्वतःचंच मिळवण्यासाठी देणारा, यांना एकाच मापाने मोजायचं का? मन म्हणतं, दुसरा तर लुबाडला गेलेला माणूस आहे. पण त्याच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईचा विचार करा. त्याने दिलेले पाचशे तिच्यासाठी दर बनतात. तो पीडित आहे, आणि तरीही त्याच्या हातून पुढच्याचं ओझं वाढतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

म्हणूनच हा प्रश्न एकट्याच्या धाडसावर सोडणं मला अन्यायाचं वाटतं. जो हक्क वापरायला शूर असावं लागतं, तो अजून अर्धाच हक्क आहे. 2014 चा कायदा हे ओळखतो. शहराच्या पथविक्री समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांच्यात एक तृतीयांश बायका असाव्यात, असं तो सांगतो. एकट्या काकांनी यादी मागितली तर ते ‘नडणारे’ ठरतात. पन्नास जणांनी मागितली तर ती रीत होते.

आणि राज्याचा 2015 चा लोकसेवा हक्क कायदा तर तुमच्या खिशातल्या फोनवर आला आहे. अधिसूचित सेवेच्या अर्जाची पोच मिळाली पाहिजे, तिच्यावर मुदत लिहिलेली पाहिजे, नकार दिला तर कारण लेखी पाहिजे. मुदत चुकली तर अपील करता येतं आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही. पण इथे वेळेची किंमत टेबलाच्या पलीकडच्या बाजूला लावली गेली.

तुमच्या घरात किंवा गल्लीत कुणाचं तरी छोटं दुकान असेलच. पुढच्या वेळी ते कचेरीत निघाले की सोबत जा. भांडायला नको, आवाजही चढवायला नको. फक्त अर्ज दिल्यावर शांतपणे म्हणा, “साहेब, पोच द्या.” या तीन शब्दांत विनवणी नाही आणि उर्मटपणाही नाही. दोन नागरिकांपैकी एक खुर्चीवर बसलाय आणि एक उभा आहे, एवढंच त्यात आहे.