किडनी विकणारा आरोपी की साक्षीदार?

मे 2022 मध्ये लंडनच्या पश्चिमेला असलेल्या स्टेन्सच्या पोलीस ठाण्यात एक नायजेरियन तरुण आला. वय जेमतेम एकवीस. लागोसच्या बाजारात तो मोबाईलचे सुटे भाग विकायचा. नायजेरियाचे सिनेटर इके एक्वेरेमाडू यांच्या आजारी मुलीला त्याची किडनी हवी होती. तिचा चुलतभाऊ असल्याचं सांगून त्याला रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये नेण्यात आलं. आपल्याला इथे काम मिळणार आहे, अशीच त्याची समजूत होती. तिथल्या डॉक्टरने त्याच्याशी बोलून पाहिलं. आपल्या शरीराचं पुढे काय होणार याची या मुलाला नीट कल्पनाच नाही, हे लक्षात आल्यावर डॉक्टरने शस्त्रक्रियेला नकार दिला. मग आपल्याला परत नायजेरियात नेऊन तिथे कापतील, या भीतीने तो मुलगा पळाला आणि पोलिसांकडे गेला. मार्च 2023 मध्ये सिनेटर, त्यांची पत्नी आणि मध्यस्थ डॉक्टर दोषी ठरले. सिनेटरना नऊ वर्षं आठ महिने, डॉक्टरला दहा वर्षं आणि पत्नीला साडेचार वर्षं शिक्षा झाली. अवयवासाठी केलेल्या कटाबद्दल ब्रिटनच्या आधुनिक गुलामगिरी कायद्याखाली झालेली ही पहिली शिक्षा.

यातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एका डॉक्टरने समोरच्या माणसाला काय कळतंय, हे थांबून पाहिलं. आणि तो माणूस पोलिसांकडे गेला तेव्हा त्याला पीडित मानलं गेलं. अवयव तस्करीविरुद्धचा आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा गेली पंचवीस वर्षं हळूहळू उभा राहतो आहे. करार झाले, परिषदा झाल्या. पण या सगळ्याचा भार अखेर त्या दुसऱ्या गोष्टीवर येऊन पडतो, असं माझं ठाम मत आहे. आणि भारतात आपण नेमके तिथेच कमी पडतो.

अवयवांची तस्करी म्हटलं की बर्फाच्या पेटीतून पळवलेली किडनी किंवा गुंगीचं औषध देऊन कापलेला प्रवासी डोळ्यांपुढे येतो. हे चित्र सिनेमांनी पसरवलं. बाहेर काढलेली किडनी बर्फात फार तर दीड दिवस टिकते, म्हणून या धंद्यात प्रवास करतात ती माणसंच. पासपोर्ट, व्हिसा, विमानाचं तिकीट, सगळं रीतसर. रक्तगट जुळवावा लागतो, क्रॉसमॅच करावं लागतं. एकाच वेळी दोन ऑपरेशन थिएटर लागतात. सर्जन, भूलतज्ज्ञ, किडनीविकारतज्ज्ञ, प्रयोगशाळा आणि अर्थातच बिल. तळघरात लपूनछपून उरकण्यासारखं हे काम नाही. चांगल्या, झगमगीत रुग्णालयाशिवाय ते होतच नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचं उदाहरण घ्या. 2001 ते 2003 या काळात तिथल्या सेंट ऑगस्टिन्स रुग्णालयात इस्रायली रुग्णांना किडन्या बसवल्या गेल्या. आधी विकणारेही इस्रायलमधूनच आणले जात. पुढे दलालांच्या लक्षात आलं की ब्राझीलमधल्या रेसिफेच्या वस्त्यांतली माणसं याच्या निम्म्याहून कमी पैशांत तयार होतात. कागदोपत्री मात्र सगळे नातेवाईक. नोव्हेंबर 2010 मध्ये हे रुग्णालय चालवणाऱ्या, नेटकेअर या बलाढ्य समूहाच्या कंपनीने गुन्हा कबूल केला. प्रकरण 109 शस्त्रक्रियांचं होतं आणि त्यातल्या पाच किडन्या अल्पवयीन मुलांच्या होत्या. कंपनीला सुमारे 78 लाख रँडचा दंड झाला. डॉक्टरांवरचा खटला मात्र 2012 साली न्यायालयाने कायमचा थांबवला. एका देशाचा रुग्ण, दुसऱ्या देशाचा गरीब आणि तिसऱ्या देशातलं थिएटर अशी ही वाटणी असते, आणि प्रत्येक देशाच्या पोलिसांच्या हाती गुन्ह्याचा एकच तुकडा लागतो.

हे तुकडे जोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे 2000 सालचा संयुक्त राष्ट्रांचा पालेर्मो प्रोटोकॉल. माणसांच्या व्यापाराच्या व्याख्येत त्याने अवयव काढण्याचा हेतूही घातला. त्यात आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: फसवून, धाक दाखवून किंवा एखाद्याच्या असहायतेचा गैरफायदा घेऊन मिळवलेल्या संमतीला काही अर्थ नाही. भारताने 2011 साली हा प्रोटोकॉल स्वीकारला. पण त्याच्या कक्षेत येतो तो माणसाचा व्यापार. कोणी दलालाशिवाय, आपल्या पायांनी चालत जाऊन किडनी विकली, तर हा कायदा लंगडा पडतो. ती उणीव भरून काढण्यासाठी युरोप परिषदेने मार्च 2015 मध्ये स्पेनमधल्या सांतियागो दे कॉम्पोस्तेला इथे स्वतंत्र करार सह्यांसाठी खुला केला. मार्च 2018 पासून तो लागू आहे. अवयव बेकायदा काढणं, तो वापरणं, त्यासाठी माणसं गाठणं, डॉक्टरांना लाच देणं, या प्रत्येक गोष्टीला तो गुन्हा मानतो. आपल्या नागरिकाने हे परदेशात केलं तरी त्याच्यावर घरी खटला चालवता यावा, अशी त्याची अपेक्षा आहे. युरोपाबाहेरच्या देशांनाही निमंत्रणाने त्यात सामील होता येतं. भारत त्यात नाही.

युद्धाच्या कायद्याने तर याच्याही खूप आधी पाऊल उचललं होतं. जिनिव्हा करारांना 1977 साली जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलनुसार शत्रूच्या ताब्यातल्या माणसाचा अवयव प्रत्यारोपणासाठी काढता येत नाही, त्याची संमती असली तरीही. अपवाद फक्त स्वेच्छेने दिलेलं रक्त आणि त्वचा. कैद्याचा होकार मोकळा नसतो, हे युद्ध पाहिलेल्या लोकांना कळलं होतं. कर्जाने गळ्याशी आलेल्या माणसाचा होकार तरी मोकळा असतो का?

या प्रश्नाचं उत्तर चेन्नईत मिळतं. किडनी विकलेल्या 305 माणसांना अभ्यासकांनी 2001 साली गाठलं. त्याचे निष्कर्ष 2002 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यातल्या 96 टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी किडनी विकली होती. हातात सरासरी 1,070 डॉलर पडले. शस्त्रक्रियेला सरासरी सहा वर्षं उलटली होती, तरी जवळजवळ तीन चतुर्थांश लोक अजून कर्जातच होते. घरचं उत्पन्न वाढणं दूरच, ते तब्बल एक तृतीयांशाने घटलं होतं. 86 टक्के लोकांनी तब्येत ढासळल्याचं सांगितलं आणि 79 टक्के म्हणाले, दुसऱ्या कुणाला असं करायला आम्ही सांगणार नाही. ‘सरकारी देखरेखीखाली बाजार भरवा, गरिबाचंही भलं होईल’ असा युक्तिवाद अधूनमधून होतो आणि त्यासाठी इराणचा दाखला दिला जातो. डायलिसिसच्या खुर्चीत आठवड्यातून तीनदा बसणाऱ्या रुग्णाची तगमग मी कमी लेखत नाही. पण चेन्नईचे हे आकडे पाहिल्यावर त्या युक्तिवादावर माझा विश्वास बसत नाही. ज्या कर्जासाठी किडनी गेली ते कर्ज राहिलं आणि राबण्याची ताकद गेली, एवढाच तो हिशेब आहे.

आता आपल्या कायद्याकडे येऊ. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा 1994 चा. त्यावेळी गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या राज्यांनी ठराव केले, म्हणून संसदेला तो करता आला. 2011 च्या दुरुस्तीने शिक्षा कडक झाल्या. व्यापारी व्यवहाराला पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड. पण कलम 19 पैसे देणारा आणि पैसे घेणारा यांना एकाच मापाने मोजतं. म्हणजे दलाल, रुग्णालयाचा मालक आणि किडनी विकणारी मोलकरीण, तिघंही सारखेच गुन्हेगार. वीस लाखांचा दंड कोण भरणार आणि कोण भरू शकणार नाही, हे सांगायला नको. त्यात कलम 22 ची अडचण. या कायद्याखाली न्यायालय गुन्ह्याची दखल घेतं ती सक्षम प्राधिकाऱ्याच्या तक्रारीवर, नाहीतर त्याला साठ दिवसांची नोटीस देऊन आलेल्या माणसाच्या तक्रारीवर. ज्या यंत्रणेने परवानगीच्या कागदांवर सही केलेली असते, तिच्याच दारात पुन्हा उभं राहायचं. शिवाय परदेशी जाऊन केलेल्या व्यवहारासाठी या कायद्यात स्वतंत्र तरतूद नाही.

पुण्यात 2022 साली उघडकीस आलेलं प्रकरण अनेकांना आठवत असेल. कोल्हापूरच्या एका बाईला पंधरा लाखांचं आमिष दाखवलं, रुग्णाची बायको म्हणून कागदोपत्री उभं केलं आणि तिची किडनी काढली. पैसे मिळाले नाहीत तेव्हा ती बोलली, म्हणून प्रकरण बाहेर आलं. पुढे दाखल झालेल्या गुन्ह्यात आरोपींच्या यादीत तिचंही नाव होतं. तिने खोट्या कागदांना साथ दिली, हे खरं आहे. पण ती गप्प बसली असती तर आज कुणाला काही कळलंही नसतं.

कोसोव्होतल्या प्रिस्टिनातही किडनी देणाऱ्यामुळेच प्रकरण बाहेर आलं होतं. नोव्हेंबर 2008 मध्ये तिथल्या विमानतळावर इस्तंबूलला निघालेला एक तुर्की तरुण धड उभाही राहू शकत नव्हता. पोटावर ताजी जखम. त्याच्याकडून धागा मिळाला आणि पोलीस मेडिकस क्लिनिकपर्यंत पोचले. तुर्कस्तान, रशिया, मोल्दोव्हा, कझाकस्तान इथल्या गरिबांना पंधरा हजार युरोंपर्यंतची आश्वासनं, रुग्णाकडून मात्र लाखाच्या आसपास. काही विकणाऱ्यांना दमडीही मिळाली नाही. 2013 साली क्लिनिकच्या मालक डॉक्टरला आठ वर्षांची शिक्षा झाली ती विकणाऱ्यांना साक्षीदार आणि पीडित मानलं म्हणून.

आपल्या विदर्भातही हा धागा पोचलेला आहे. 2015 च्या अखेरीस अकोल्यात जे प्रकरण गाजलं, त्यात सावकाराच्या कर्जाखाली दबलेल्या माणसांना किडनी विकायला लावल्याचा आणि त्यातल्या काहींना श्रीलंकेत नेल्याचा आरोप होता. तेलंगणातही तशाच तक्रारी झाल्या. जानेवारी 2016 मध्ये श्रीलंकेने परदेशी रुग्णांच्या किडनी प्रत्यारोपणावर बंदी घातली. अशी बंदी आली की दलाल नवा देश शोधतात. गावचा सावकार तोच राहतो.

म्हणून किडनी विकत घेणाऱ्या बाजूकडेही पाहायला हवं. परदेशात किडनी बसवून घेतलेल्या रुग्णाला ती टिकवण्यासाठी आयुष्यभर टॅक्रोलिमससारखी औषधं घ्यावी लागतात, त्यामुळे तो इथल्या डॉक्टरकडे येतोच. रुग्णाचं नाव गुप्त ठेवूनही देश, रुग्णालय आणि तारीख यांची नोंद करता येईल. इस्रायलने 2008 साली कायदा करून परदेशातल्या विकतच्या किडनीला विम्याचे पैसे बंद केले आणि परदेशी जाणाऱ्यांची संख्या 2006 मधल्या 155 वरून 2011 पर्यंत 35 वर आली. मागणी करणाऱ्या बाजूला हात घातला की फरक पडतो, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

विकणाऱ्यासाठी ‘माफीचा साक्षीदार’ ही सोय आपल्याकडे आहेच, असं कुणी म्हणेल. पण ती माफी आरोपी झाल्यावर आणि न्यायालयाने दिली तर मिळते. कर्जबाजारी शेतमजूर पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी एवढा कायद्याचा हिशेब करत नाही. मला अटक होईल का, एवढंच तो विचारतो. आज त्याचं प्रामाणिक उत्तर ‘हो’ असं आहे.

हे उत्तर बदलण्याची सुरुवात महाराष्ट्राच्या हातात आहे. राज्यांच्या ठरावांवर झालेल्या कायद्यात संसदेला बदल करायचा असेल तर पुन्हा राज्यांचे ठराव लागतात, असं राज्यघटनेचं कलम 252 सांगतं. कर्जापोटी किंवा फसवणुकीने किडनी दिलेल्या आणि स्वतःहून तक्रार करणाऱ्या माणसावर कलम 19 लावू नये, आणि कलम 22 मध्ये त्याला थेट दाद मागता यावी, एवढ्या दोन दुरुस्त्या पुरेत. केंद्राने सांतियागो करारात सामील व्हावं, अशी विनंतीही त्याच ठरावात करता येईल. हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं. अकोल्याच्या आमदारांपैकी कुणीतरी हा ठराव या वर्षी मांडावा.