त्या रात्रीची जबाबदारी

ऑक्टोबर संपत आला की आपल्याकडे एक वाद हमखास पेटतो. कॉलेजची मुलं हॅलोविनला भुतांची सोंगं घेतात आणि संस्कृतीचे कैवारी म्हणतात, ही थेरं आपली नव्हेत. २०२४ साली ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आली, त्यामुळे त्यांच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. ‘आपली’ म्हणजे कुणाची, हे त्यांनी एकदा उत्तनला जाऊन विचारावं.

भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी मागे टाकत रस्ता उत्तनच्या कोळीवाड्यात पोहोचतो. इथले ख्रिस्ती कोळी १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण आणि २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस पाळतात. हॅलोविन ही त्या सणाचीच पूर्वसंध्या. क्लुनीचा मठाधिपती ओदिलो याने दहाव्या शतकाच्या अखेरीस २ नोव्हेंबर मृतांसाठी नेमला. त्या दिवशी कबरी फुलांनी सजतात, मेणबत्त्या लागतात, गेलेल्यांसाठी प्रार्थना होते. सर्वपित्रीला पान वाढणाऱ्या माणसाला हे परकं वाटायचं काहीच कारण नाही.

खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो आईबापांचा आहे: मुलं रात्री बाहेर पडतात, पितात, काही बरंवाईट झालं तर? मग बंदीच घाला. या आक्षेपाची मला कदर आहे. पण बंदी आणि धाकाने मुलं सुरक्षित होतात, हे मला मुळीच मान्य नाही.

२९ ऑक्टोबर २०२२ ची सोलची रात्र आठवा. इतेवॉन भागात हॅलोविनसाठी लाखभर तरुण जमले होते. जेमतेम सव्वातीन मीटर रुंदीच्या उतरत्या गल्लीत दोन्ही बाजूंनी माणसं शिरत राहिली. संध्याकाळी ६ वाजून ३४ मिनिटांनी पहिला फोन पोलिसांना गेला: इथे चेंगराचेंगरी होईल. दुर्घटना घडेपर्यंत असे अकरा फोन गेले. बंदोबस्ताला १३७ पोलीस होते, पण त्यांच्यातल्या अनेकांचं लक्ष अमली पदार्थांवर आणि गुन्ह्यांवर होतं. गर्दी आवरायला माणूस नव्हता. १५९ जीव गेले. बहुतेक जण छाती दाबली जाऊन गुदमरले. कार्यक्रमाला अधिकृत आयोजक नव्हता, म्हणून जबाबदारी कुणीच आपली मानली नाही. पुढे कोरियाने कायदा बदलून अशा बिनआयोजक गर्दीची जबाबदारी प्रशासनावर टाकली. नैतिकतेची राखण करणारी यंत्रणा जिवाची राखण विसरली, असं मी त्या रात्रीबद्दल म्हणेन.

आणि मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, तिथे कुठलं सोंग होतं, कुठली दारू होती?

धाकाचा दुसरा बळी बंद दारामागे जातो. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. एकोणीस वर्षांचा मुलगा भाड्याच्या बंगल्यातल्या पार्टीत बेशुद्ध पडला, तर मित्र आधी बाटल्या लपवतात आणि १०८ ला फोन उशिरा करतात. घरी कळेल, पोलीस येतील, या भीतीत तो उलटीने गुदमरू शकतो. त्याला कुशीवर वळवायचं, क्षणभरही एकटं सोडायचं नाही, हे त्यांना आपण कधी शिकवलेलंच नसतं.

इथवर मी मुलांच्या बाजूने बोललो. पण जिथे असे बंगले भाड्याने मिळतात, त्या उत्तनच्या बाजूनेही बोलायला हवं. किनाऱ्यावर बांबूच्या वलांडींवर बोंबील वाळत असतात आणि पहाटे बोटीवर जाणारी माणसं लवकर निजलेली असतात. कुणाच्या घरी वर्षभरातच मयत झालेलं असतं आणि त्यांच्या मनात २ तारखेची कबर असते. हॅलोविनच्या रात्री शेजारच्या बंगल्यात स्पीकर दणाणावा आणि क्रूसाची, कबरीची सोंगं नाचावीत, ही मजा नव्हे. इथे कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्याचा राग मला संस्कृतिरक्षकाच्या रागापेक्षा कितीतरी खरा वाटतो. शहरातली मुलं गावाला मोकळं मैदान समजतात. त्यांचं स्वातंत्र्य मला जितकं मोलाचं, तितकीच या गावाची झोप.

म्हणून माझी मागणी साधी आहे. बंगले भाड्याने देणाऱ्यांनी माणसांची मर्यादा पाळावी आणि बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात. पालिकेने त्या रात्री भाईंदर स्टेशनपर्यंत परतीच्या बस सोडाव्यात. प्यायलेल्याने गाडीला हात लावू नये, अंधारात समुद्रात उतरू नये. आणि आईबापांनो, ३१ तारखेआधी मुलांना एवढंच सांगा: काही झालं तर आधी ११२ लावा, मग आम्हाला, त्या रात्री आम्ही रागावणार नाही.