ओठ हलकेच उचला

तुमच्या म्हाताऱ्या कुत्र्याशेजारी जमिनीवर बसा. त्याला उठवू नका, तुम्हीच खाली या.

हात अजून पुढे नेऊ नका.

त्याचा श्वास बघा. बरगड्या वर येतात, खाली जातात. निवांत पडलेला कुत्रा मिनिटाला साधारण 15 ते 30 श्वास घेतो. मोजत बसू नका. नुसते सोबत राहा.

तोंडाजवळ पांढरे झालेले केस दिसतात. तिथे बोटांची पाठ टेकवा. थांबा.

त्याला तुमचा वास घेऊ द्या. तुम्हीही त्याच्या तोंडाचा वास घ्या. उग्र वाटला तरी मान वळवू नका. म्हाताऱ्या कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, असं आपण सहज म्हणून टाकतो. बहुतेकदा तो वास हिरडीच्या दुखण्याचा असतो.

आता एका बाजूचा ओठ हलकेच उचला.

मोठ्या कुत्र्याला 42 दात असतात. आज एकच बघा. वरच्या जबड्यातली, मागची, सगळ्यांत मोठी दाढ. लाळेची वाट तिच्याजवळच उघडते, म्हणून किटण तिथे लवकर धरतं.

बघत राहा. रंग कसा आहे? पांढरा, पिवळा, तपकिरी?

हिरडीच्या कडेला नजर न्या. लाल रेघ दिसते का? हिरडी सुजली आहे का?

ओठ सोडा. एक श्वास तुमचा. एक त्याचा.

पुन्हा उचला. बोटाला ओलं, मऊ कापड गुंडाळा. दाताच्या बाहेरच्या बाजूवरून हळू फिरवा, हिरडीच्या कडेकडेने. आतली बाजू त्याची जीभ बरीचशी सांभाळते.

त्याने तोंड फिरवलं, तर थांबा. त्याचा नकार ऐका. आजच्यापुरता एक दात पुरे.

हळूहळू कापडाच्या जागी मऊ ब्रश येईल. पेस्ट मात्र कुत्र्यांसाठीचीच आणा. आपली पेस्ट तो थुंकत नाही, गिळतो. तिच्यात झायलिटॉल असेल, तर ते त्याच्यासाठी विष आहे.

दातावरचा मऊ थर दोन-तीन दिवसांत कडक होऊ लागतो. म्हणून उद्याही असंच बसा. परवाही. एकदा दगडासारखं झालेलं किटण ब्रशने निघत नाही, नखाने खरवडू नका. ते पशुवैद्य भूल देऊन काढतात. त्याच्या वयाकडे बघून भुलीची भीती वाटते, वाटणारच. ती त्यांना मोकळेपणाने सांगा. आधी रक्त आणि हृदय तपासून घ्या.

आता हात काढून घ्या. तो चाटेल, चाटू द्या.

जेवताना त्याच्याजवळ थांबा. कान द्या. एकाच बाजूने चावतो का? घास तोंडातून खाली पडतो का? डोळ्याखाली सूज आहे का? दात दुखत असूनही कुत्रा शेपूट हलवत ताटलीपाशी येतो, त्यामुळे भूक आहे म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालू नका.

यातलं काहीही दिसलं, तर ‘वय झालंय’ म्हणून सोडून देऊ नका. त्याला पशुवैद्याकडे न्या.