दुरुस्त केलेले गाणे खरे काय?

१९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे तबकड्यांसाठी मुद्रित झाले, तेव्हा त्यासाठी लंडनहून ध्वनिमुद्रक यावा लागला. रागाचा सारा विस्तार तीन मिनिटांत आटोपावा लागे, आणि मध्येच चूक झाली तर गाणे आरंभापासून पुन्हा म्हणण्यावाचून गत्यंतर नसे. आज हे काम घरातल्या एका मेजावर होते. संगणक, मिडी कीबोर्ड, ऑडिओ इंटरफेस, एक मायक्रोफोन आणि हेडफोन एवढ्या साहित्यावर कोणासही ध्वनिमुद्रण करता येते. इतकेच नव्हे, तर झालेली प्रत्येक चूक मागाहून पुसताही येते. या सोयीतूनच एक प्रश्न उद्भवतो, तो असा की, मागाहून दुरुस्त केलेल्या गाण्यास खरे गाणे म्हणावे काय?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी प्रथम या दोन यंत्रांची प्रकृती ध्यानी घेतली पाहिजे. १९८३ साली वाद्यनिर्मात्यांनी प्रचारात आणलेली मिडी ही मुळी ध्वनीच साठवीत नाही. कोणती पट्टी, केव्हा, किती जोराने दाबली व केव्हा सोडली, एवढीच वार्ता ती संगणकास कळविते. जोराची मोजदाद १ ते १२७ अशा आकड्यांत होते. ती एका अर्थी स्वरलिपीच होय. तीच वार्ता मागाहून पियानोस द्यावी वा सारंगीस. इंटरफेसचे काम निराळे. मायक्रोफोनने टिपलेले हवेचे कंपन तो सेकंदास ४४,१०० वेळा मोजून आकड्यांत उतरवितो. गळा, श्वास, शेजारच्या कुकरची शिट्टी, काहीच तो वगळीत नाही. पहिले यंत्र आज्ञा नोंदविते, दुसरे साक्ष.

म्हणूनच मांडणी करताना दुसऱ्याची काळजी अधिक घ्यावी लागते. तानपुरा हेडफोनमध्येच ऐकावा, नाहीतर तो मायक्रोफोनमध्ये शिरून गळ्याशी कायमचा मिसळतो. ध्वनीची पातळी अशी बेताची ठेवावी की, तार षड्जही मर्यादेबाहेर जाऊ नये. कारण मर्यादा ओलांडलेल्या स्वराचा माथा छाटला जातो, आणि तो जसाच्या तसा परत मिळत नाही.

आता दुरुस्तीकडे वळू. लयीत मागेपुढे झालेला आघात जवळच्या मात्रेवर आणून बसविणे हे मिडीत एका कळीचे काम आहे; आणि १९९७ साली निघालेल्या ऑटोट्यूनपासून गळ्यातील स्वरासही तोच न्याय लागू झाला आहे. यात गैर काय, असे विचारणाऱ्यांचा पक्ष दुबळा नाही. ग्लेन गूल्ड या थोर पियानोवादकाने १९६४ साली रंगमंच सोडला, आणि निरनिराळ्या वादनांचे तुकडे जोडून निर्दोष कृती घडविण्याचे उघड समर्थन केले. लेखक दहा ओळी खोडून अकरावी छापतो, म्हणून त्यास कोणी लबाड म्हणत नाही. मग गायकानेच काय अपराध केला?

आमच्या मते येथे कृती आणि साक्ष यांतील भेद पाहिला पाहिजे. योजून रचलेल्या गीतात श्रोता कृतीचे सौंदर्य पाहतो. तेथे दुरुस्ती हा रचनेचाच भाग होय. परंतु ख्याल ऐकताना, तान घेऊन गायक समेवर येतो तेव्हा आपल्या तोंडून जी दाद जाते, ती सम चुकण्याचा संभव होता म्हणूनच जाते. तो संभव नाहीसा करून गाणे मैफिलीचे म्हणून पुढे ठेवणे म्हणजे खोटे नाणे चालविणेच होय. अर्थात ते नाणे यंत्र चालवीत नाही, मनुष्य चालवितो.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. चूक कोणती हे ठरवावयाचे कोणी? कीबोर्डचे बारा स्वर समान अंतराचे. तानपुऱ्यातून उमटणारा शुद्ध गंधार त्याच्या गंधारापेक्षा थोडा उतरलेला असतो. अशाच कारणांवरून रेडिओने १९४० साली पेटीस बंदी घातली होती. तेव्हा हाताळणाऱ्यास कान नसेल, तर यंत्र खऱ्या गंधारास खोटा ठरवून सुधारील, आणि दरबारीतला आंदोलित कोमल गंधार खुंटीला बांधून टाकील.

सर्वांत मोठा धोका आहे तो घरात गाणे शिकणाऱ्या मुलामुलींना. स्वर उतरला हे कानास कळावयाच्या आतच तो पडद्यावर सरळ झाला, तर गाणे सुधारते, गाणारा मात्र जेथल्या तेथेच राहतो. चूक ही रियाजातली गुरूची हाक आहे; ती ऐकू येण्यापूर्वीच बंद करणे हिताचे नव्हे. म्हणून आम्ही असे सुचवितो की, पहिले ध्वनिमुद्रण अस्पर्श जपून ठेवावे, ते आधी ऐकावे, चूक प्रथम गळ्याने दुरुस्त करावी. आणि यंत्राने केलीच, तर तसे मोकळेपणाने सांगावे. तेवढे सांगितले की यंत्रावर दोष उरत नाही, आणि गाणाऱ्यासही आपले गाणे आपलेच म्हणताना मान खाली घालावी लागत नाही.